किल्लीवालीची आवराआवर

माणूस गेलं की आधी डॉक्टर येतो आणि मग रडणारे येतात, असा आपला सगळ्यांचा समज. या शहरातल्या काही घरांत मात्र सगळ्यांच्या आधी किल्लीवाली यायची. हातात कापडी पिशवी, पायात न वाजणाऱ्या चपला. कुलूप तोडायचा प्रश्नच नव्हता, कारण किल्ली तिच्याकडे आधीपासून असायची. अर्धा तास. तेवढ्यात ती त्या घरातल्या दोन माणसांचं एक करून ठेवायची. मग नातेवाईक यायचे, एका डोळ्यानं रडत आणि दुसऱ्यानं कपाट बघत.

तिची टपरी कोर्टाच्या जिन्याखाली. टपरी बापाची. बापाला मुलगा नव्हता म्हणून कानस हिच्या हातात आली, नाहीतर तीही कुणाच्या तरी घरात नांदत, कुढत बसली असती. शाळा चौथीपर्यंत. कोर्टातले मोठमोठे वकील किल्ली हरवून यायचे, टपरीत डोकवायचे आणि विचारायचे, "मिस्टर कुठे गेलेत?" ही कानशीवरचा कीस फुंकून म्हणायची, "किल्ली कुलपाला लावायचीय ना साहेब? मग मिस्टर कशाला?"

आवराआवरीचं काम तिनं काही मागून घेतलं नव्हतं. तिच्या टपरीपासून दोन गाळे सोडून बाइंडर बसायचा. कोर्टाच्या फायली शिवणं हा त्याचा धंदा. त्याच्या ओळखीचे दोघे जण एका चाळीत मामा-भाचे म्हणून राहायचे. कसले मामा-भाचे! मामा भाच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. पण चाळीला ते चालत होतं, कारण चाळीला खरं नको असतं, सांगायला काहीतरी हवं असतं. एक दिवस दुपारी बारा वाजता मामा गेला आणि चारच्या सुमाराला मामाचे खरे पुतणे येऊन पोचले. त्यांनी खण उघडला. खणात चिठ्ठ्या. त्यातला थोरला पुतण्या सज्जात उभा राहिला आणि बातम्या वाचाव्या तशा आवाजात त्यानं त्या चिठ्ठ्या सगळ्या गल्लीला वाचून दाखवल्या. गल्लीही उभी राहून ऐकत होती. ज्यांना घरच्या बायकोनं उभ्या जन्मात दोन ओळी लिहिल्या नाहीत, ते पोट धरधरून हसत होते. मग भाच्याची गादी वरून खाली आली. मयताच्या मागून चार पावलं चालू देणं तर लांबच. तो माणूस मांडीवर गादी घेऊन अंधार पडेपर्यंत कोर्टाच्या पायऱ्यांवर बसला होता, किल्लीवालीच्या अगदी समोर.

दुसऱ्या दिवशी बाइंडरनं तिच्या फळीवर एक किल्ली ठेवली.

"हिच्यासारखी अजून एक कर. आणि ती मला देऊ नको, तुझ्याकडेच ठेव."

"कशाला?"

"मी आडवा झालो की तू पोचायचंस. माझ्या बहिणीच्या आधी."

एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या दहा. बाइंडर कुणाला सांगायचा, तो आणखी कुणाला. बसगाड्यांवरचा तिकीट तपासनीस, दोन परिचारिका, मोठ्या दुकानातला कापड फाडणारा, बँकेतले साहेब. शेवटी त्रेचाळीस किल्ल्या झाल्या. नाव एकाही किल्लीवर नाही. प्रत्येकीला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ, आणि कुठली गाठ कुणाची ते किल्लीवालीच्या डोक्यात.

कामाची तिची पद्धत ठरलेली होती. आधी मोरी, कारण माणूस मोरीत सगळ्यात जास्त खरं असतं. दुसरा ब्रश, दुसरा साबण, दुसरा टॉवेल. मग पलंग. जास्तीची उशी उचलायची आणि गादी उलटी करायची, कारण दोन माणसं वर्षानुवर्षं झोपली की गादीला दोन खळगे पडतात. मग चपला, चष्मे, दुसऱ्याच्या नावाची औषधं. फोटो सगळे नाही काढायचे, भिंतीवर पांढरा चौकोन दिसतो. दुसरा फोटो तिथे लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक उष्टा कप तसाच ठेवायचा. फार स्वच्छ खोली बघितली की नातेवाइकांना वास येतो. चिठ्ठ्या बाइंडरकडे जायच्या. तो त्यांचा लगदा करायचा आणि लगद्याचे पुठ्ठे. कोर्टात न्यायाधीश ज्या फायलीवर हात आपटून शिस्तीबद्दल बोलायचे, ती फाइल निम्मी कुणाच्या तरी प्रेमाची असायची. बाइंडरला त्याचं फार हसू यायचं.

आणि किल्लीवालीची स्वतःची खोली? ती मास्तरणीकडे. एकतीस वर्षांपूर्वी मास्तरीण शाळेतून आली आणि किल्ली आत विसरून बाहेर राहिली. किल्लीवाली तीन मजले चढून गेली, कुलूप उघडलं आणि मास्तरीण म्हणाली, "कारागीर, चहा घेऊन जा." ती जी आत गेली ती गेलीच. लोकांना सांगायला निरनिराळी नाती होती. घरमालकाला आतेबहीण, पोस्टमनला पोटभाडेकरू. शाळेच्या मुख्याध्यापिका एकदा घरी आल्या तेव्हा किल्लीवाली मोलकरीण झाली. ट्रेमधून चहा आणला, पदर खोचून दाराशी उभी राहिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई चांगली मिळालीय हो तुम्हाला." त्या गेल्यावर दोघी पोटात दुखेपर्यंत हसल्या. पण हसून झाल्यावर मास्तरणीनं तिचा खोचलेला पदर स्वतःच्या हातानं सोडला होता.

रविवारी दुपारी तीन ते सहा त्यांच्या खोलीत किल्ल्या दिलेली सगळी मंडळी जमायची. मास्तरीण शेजारपाजाऱ्यांना सांगायची की प्रौढांची शिकवणी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या, म्हणजे बरोबर खालच्या काकूंना ते पटलं नव्हतं.

"दहा वर्षं तेच विद्यार्थी कसे गं येतात?"

"नापास होतात," मास्तरीण म्हणाली.

अशी ही मास्तरीण एका मंगळवारी सकाळी ओट्यापाशी चहा गाळता गाळता खाली पडली. किल्लीवाली टपरीवरून धावत आली तोवर दवाखान्याची गाडी मास्तरणीला घेऊन गेली होती. ही कागदपत्रं आणि अंगावर घालायला काहीतरी घ्यायला वर आली. इतक्यात फोन वाजला. मास्तरणीचा भाऊ. त्याला शाळेतून कुणीतरी कळवलं होतं. एकोणीस वर्षांत त्याचं दोन ओळींचं पत्र नव्हतं.

"आम्ही निघालोय," भाऊ म्हणाला. "संध्याकाळपर्यंत पोचतो. कोण बोलतंय?"

"शेजारी," असं म्हणून किल्लीवालीनं फोन ठेवला.

आता इथे काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ही चूक दुसरं कुणी करणं शक्य नाही. नातेवाईक येतायत, एवढं कानावर पडलं आणि तिचे हात चालू झाले. डोकं दवाखान्यात होतं, हात मोरीत. ब्रश, साबण, टॉवेल. उशी. गादी उलटी. चपला, चष्मा, रक्तदाबाच्या गोळ्या. भिंतीवर समुद्रकाठचा दोघींचा फोटो होता, तिथे शाळेचा सत्काराचा फोटो आला. ओट्यावर एक उष्टा कप. अर्ध्या तासात दार ओढून, पिशवी टपरीत टाकून ती दवाखान्यात पोचली. व्हरांड्यात बसल्यावर तिला आठवलं की गोळी घ्यायची राहिलीय, आणि ती घ्यायची तर टपरीपर्यंत परत जायला हवं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आज आपण कुणाची खोली आवरली.

मास्तरणीच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तीस वर्षं जिनं वर्गात दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही, ती आता फक्त मान हलवायची, आणि तीही एकाच दिशेनं.

"ताई, आमच्याकडे येणार ना?" भाऊ म्हणाला. मान हो म्हणाली.

"मास्तरीण, घरी जायचं ना आपल्या?" किल्लीवाली म्हणाली. मान हो म्हणाली.

"बाई, तुम्हाला चंद्रावर जायचंय का?" असं डॉक्टरनं खात्री करायला विचारलं. मान हो म्हणाली. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं.

दवाखान्यात एक तरुण बाई होती, फॉर्म घेऊन फिरणारी. पेशंट बरा झाल्यावर कुणाच्या हवाली करायचा हे ती ठरवायची. तिनं भावाला आणि किल्लीवालीला समोर बसवून सांगितलं, "आमचा नियम साधा आहे. पेशंट ज्याच्यासोबत राहत होता, त्याचा शब्द पहिला. तसं कुणी नसेल तर रक्ताचं नातं. शुक्रवारी मी घर बघायला येईन, मग ठरवू."

"बघण्यासारखं काय आहे?" भाऊ म्हणाला. "ताई एकटी राहायची. मी सख्खा भाऊ आहे. आमच्या गावी नेतो, पुढची खोली तिची."

पुढची खोली म्हणजे काय, ते किल्लीवालीला मास्तरणीनंच कधीतरी सांगितलं होतं. रस्त्यावरचं दार, त्यात सायकली आणि पिंपं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला भावजयीनं सांगायचं, बघा आम्ही किती करतो. शिवाय भावाच्या मुलाला पुढच्या वर्षी शिकायला याच शहरात यायचं होतं आणि तिसऱ्या मजल्यावरची हवेशीर खोली आयतीच मोकळी होणार होती. प्रेम आलं होतं ते असं, मोजमाप करून.

बुधवारी किल्लीवाली बाइंडरकडे गेली.

"सगळं परत नेऊन ठेव," बाइंडर म्हणाला. "ब्रश, उशी, सगळं."

"भाऊ-भावजय खोलीतच उतरलीयत. माझ्याच पलंगावर झोपतायत."

"मग दार वाजव आणि सांग, मी इथली."

तिनं गुरुवारी दार वाजवलं. भावजयीनं फटीतून विचारलं, "कोण हवंय?" एकतीस वर्षांची सवय तोंडात बसलेली. "शेजारी," किल्लीवाली म्हणाली, "ताईंची चौकशी करायला आले होते." आणि परत जिना उतरली. शहरातलं कुठलंही कुलूप दीड मिनिटात उघडणारी बाई, पण स्वतःच्या उघड्या दारातून तिला आत जाता येईना.

तिथून ती बँकेतल्या साहेबांकडे गेली. साहेब आता निवृत्त झाले होते. बावीस वर्षं त्यांची किल्ली हिच्याकडे, निळ्या दोऱ्याची, शहराबाहेरच्या एका लहानशा खोलीची. त्या खोलीबद्दल साहेबांच्या बायकोला माहीत नव्हतं. सही-शिक्क्याचा माणूस, वजनदार आवाज. त्यांनी दोन शब्द सांगितले असते तर फॉर्मवालीनं ऐकले असते.

"मला यात घेऊ नकोस गं," साहेब दारातच म्हणाले. "नातवंडं आहेत. आणि मी काय सांगणार? मला तुम्ही कुठे माहीत?"

"रविवारी आमच्याकडे येऊन चिवडा संपवायचात तेवढं तरी सांगा."

साहेबांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि हात जोडले. माणसानं भ्यावं, त्याला काही म्हणणं नाही. किल्लीवालीनं भीतीवरच तर आयुष्यभर काम केलं होतं. पण भ्यालेला माणूस इतका इस्त्रीचा कसा राहतो, हे तिला कधी कळलं नाही.

शुक्रवारी फॉर्मवाली तीन मजले चढून धापा टाकत आली. किल्लीवाली आणि बाइंडर तिच्या मागोमाग आत शिरले. खालच्या काकू जिन्यात उभ्या होत्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, वरचा नळ गळतोय का ते ऐकत होत्या. भावजय खिडकीपाशी वितीनं पडदा मोजत होती.

"पेशंटबरोबर इथे कोण राहत होतं?" फॉर्मवालीनं विचारलं.

"कोणीही नाही," भाऊ म्हणाला. "तत्त्वाची बाई. लग्न केलं नाही, शिक्षणाला वाहून घेतलं. बघा ना तुम्हीच."

फॉर्मवालीनं बघितलं. मोरीत एक ब्रश. पलंगावर एक उशी. दाराशी चपलांचा एक जोड. ओट्यावर एक उष्टा कप, त्याला आता बुरशी धरली होती. भावजयीला तीन दिवसांत तेवढा कप विसळायला वेळ झाला नव्हता. किल्लीवालीनं पहिल्यांदाच स्वतःचं काम नातेवाइकांच्या बाजूनं उभं राहून पाहिलं. काम फर्स्ट क्लास झालं होतं. तिथे ती राहिली होती असं तिला स्वतःलाही वाटेना.

फॉर्मवाली लिहायला लागली. "एकट्या राह..."

"थांबा," किल्लीवाली म्हणाली. "लिहू नका."

"तुम्ही कोण?"

"मी शे..." शब्द अर्धा बाहेर आला होता. तो तिनं दातांखाली धरला. "मी इथे राहते. एकतीस वर्षं."

"काल दारात आली तेव्हा शेजारी होती ही!" भावजय खिडकीतून म्हणाली.

"मंगळवारी फोनवरही शेजारी," भाऊ म्हणाला. "आणि राहते तर सामान कुठाय?"

"मी काढून नेलं. मंगळवारीच."

"का?" फॉर्मवालीनं पेन वर धरलं.

"हे येणार म्हणून." किल्लीवालीचा आवाज टपरीवर असतो तसा नव्हता, बारीक झाला होता. "आमच्यात असंच करतात. घरचे यायच्या आत दुसऱ्याचं सगळं काढायचं. मी किती जणांचं काढलं. हातांना कळलं नाही हो, यावेळी दुसरी मीच आहे ते."

"आमच्यात म्हणजे कुणात?" भाऊ म्हणाला.

आजवर तिनं हा प्रश्न कुणाला विचारूच दिला नव्हता; त्यासाठीच तर त्या त्रेचाळीस किल्ल्या.

"ज्या दोन बायका नवरा-बायकोसारख्या राहतात, त्यांच्यात," ती म्हणाली. "तुमच्या ताईत आणि माझ्यात. आता ऐकलंत, झालं समाधान?"

भावजयीच्या हातातली वीत तशीच राहिली. भावाचा चेहरा लाल झाला. "ताई आजारी आहे, बोलू शकत नाही, म्हणून वाटेल ते बोलायचं तिच्याबद्दल? पुरावा काय? सामान नेलं म्हणते, ती तर चोरी झाली!"

"हो, माझा ब्रश मी चोरला."

"मी सांगतो," बाइंडर म्हणाला. "मी यांना पहिल्यापासून ओळखतो."

"तुमचं नातं?" फॉर्मवालीनं विचारलं.

"मित्र."

"मित्र तर कोणीही म्हणेल," भाऊ म्हणाला, आणि फॉर्मवालीची मान जराशी हलली. ती वाईट बाई नव्हती, पण तिच्या फॉर्ममध्ये मित्राला रकाना नव्हता.

तेव्हा खालच्या काकू आत आल्या. कंबरेवर हात.

"मी सांगते. आणि या दोघी मला अजिबात आवडत नाहीत, ते आधी लिही."

"ते कशाला लिहू?"

"लिही म्हणते ना. उद्या कुणी म्हणायला नको की मी यांच्यातली. एकतीस वर्षं माझ्या डोक्यावर चार पाय नाचतायत. दोन शाळेचे, चटचट उचलून टाकणारे. दोन हिचे, फरपटत. एकटी राहत होती म्हणे! मग मी इतकी वर्षं काय भुताशी भांडले?"

"काकू, तोंडी सांगून..." भाऊ म्हणाला.

"तोंडी?" काकूंना हे फार लागलं. "मी तोंडी कधीच काही करत नाही. थांब."

त्या खाली गेल्या आणि प्लॅस्टिकची फुगलेली पिशवी घेऊन आल्या. पिशवीत घरमालकाला लिहिलेल्या तक्रारी होत्या. सत्तावीस. प्रत्येकीची कार्बन प्रत, प्रत्येकीवर तारीख आणि घरमालकाच्या कारकुनाची पोच. घरमालकानं एकीलाही उत्तर दिलेलं नव्हतं. तो दर महिन्याला भाडं बघायचा, भाडेकरू नाही.

फॉर्मवालीनं पहिला कागद उघडला आणि वाचला. "माननीय घरमालक, तिसऱ्या मजल्यावर मास्तरणीकडे कोर्टाखालची किल्लीवाली ट्रंक घेऊन आली आहे. आतेबहीण असल्याचे सांगतात. आतेबहीण आल्यावर कुणी जिन्यात शीळ घालतं का, याचा आपणच विचार करावा."

"शीळ कोण घालत होतं?" बाइंडरनं हळूच विचारलं.

"मास्तरीण," किल्लीवाली म्हणाली.

फॉर्मवालीनं पुढचे कागद चाळले. एका वर्षी दोघी भांडल्या होत्या, कारण कानस भाजीच्या सुरीशेजारी ठेवली; अर्ध्या तासानं दोघी हसत होत्या, तर शिस्तीच्या इमारतीत हे चालतं का? एका वर्षी गच्चीत दोघींनी एकच छत्री घेतली होती, घरात दोन छत्र्या असताना. मग एक कागद तिनं सावकाश वाचला. "किल्लीवाली तापानं फणफणली आहे. मास्तरीण चार दिवस शाळेत गेलेली नाही. पहाटे पाण्याचे आवाज, कपड्याच्या घड्या पिळल्याचे आवाज. माझी झोपमोड होते. दुसऱ्याच्या तापासाठी शिक्षिकेला अशी रजा घेता येते का, याची चौकशी व्हावी."

ते ऐकून किल्लीवाली पलंगाच्या कडेला बसली. तिला तो ताप आठवत नव्हता. तापात होती, कसा आठवेल? आणि मास्तरीण स्वतःचं केलेलं कधी सांगायची नाही. तिच्या आयुष्यातले चार दिवस तिला पहिल्यांदाच कळत होते, आणि तेही तक्रार म्हणून.

"हे काय अश्लील..." भाऊ म्हणाला.

"चार दिवस रजा घेतली," फॉर्मवाली म्हणाली. "मला एवढं पुरे. काकू, या प्रती मला हव्यात."

"परत देशील?"

"फोटो काढते, आत्ताच देते."

तिनं फॉर्मवर आधीचा शब्द खोडला आणि दुसरं काही लिहिलं. भाऊ इज्जतीबद्दल बोलला, गावाबद्दल बोलला, वडिलांच्या आत्म्याबद्दल बोलला. फॉर्मवालीनं सगळं ऐकून घेतलं आणि पेनचं टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेली. ताईला भेटायला दवाखान्यात थांबलं असतं तर गाडी चुकली असती, म्हणे. जाताना भावानं टेबलफॅन तेवढा नेला. वडिलांचा होता म्हणाला. फॅनच्या बुडाला दुकानाचं लेबल अजून होतं, वडील वारल्यानंतर सहा वर्षांनी घेतल्याचं.

महिन्याभरानं मास्तरीण घरी आली. चौघांनी खुर्चीत बसवून वर आणली, बाइंडर खालून हुकूम सोडत होता. मास्तरणीनं दारातून खोली बघितली. किल्लीवालीनं सगळं परत आणून ठेवलं होतं, पण घाईत. समुद्रकाठचा फोटो तिरका लागला होता. मास्तरणीनं डावा हात उचलला आणि फोटोकडे बोट करून तोंडातून असा एक आवाज काढला की शाळेतली सगळी पोरं ताठ बसली असती. किल्लीवाली खुर्चीवर चढली आणि फोटो सरळ केला.

दुपारी ती मास्तरणीला वाचून दाखवते. पुस्तकं तिला जड जातात, म्हणून काकूंच्या तक्रारी. काकूंनी आठवड्याच्या बोलीवर दिल्या होत्या. एक एक अक्षर लावत ती वाचते आणि मास्तरणीचा चेहरा एका बाजूनं हसतो. परवा एक आठ वर्षांपूर्वीचा कागद निघाला. "काल रविवारी दुपारी शिकवणीतला जाडा विद्यार्थी हिरवा झगा घालून, ओठ रंगवून, गात गात जिना उतरला. माझ्या मुलींनी दार उघडून टाळ्या वाजवल्या. त्यानं त्यांना वाकून नमस्कार केला. मुलींवर काय परिणाम होईल?"

हा कंपाउंडर, रविवारच्या मंडळीतलाच. त्याच वर्षी गेला. त्याची खोली किल्लीवालीनंच आवरली होती. झगा कापून त्याची फडकी केली होती, टपरीत तेल पुसायला. काम इतकं चोख झालं की त्याच्या बहिणीनं नंतर सगळ्यांना सांगितलं, भाऊ फार अबोल होता. किल्लीवालीनं तो कागद दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचायला लागली तेव्हा मास्तरणीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

रविवारी बाइंडर आला तेव्हा तिनं त्यालाही तो कागद दाखवला. त्यानं तो वाचला आणि घडी घालून परत दिला.

"माझ्या वेळेला," तो म्हणाला, "कशालाही हात लावू नकोस. दोन्ही ब्रश राहू दे मोरीत. बहिणीला काय बघायचं ते बघू दे."

"ती आरडाओरडा करेल."

"करू दे. मी कुठे ऐकणार आहे?"

तेवढ्यात काकू पिशवी मागायला वर आल्या. आठवडा झाला होता.

"एवढी घाई कशाला?" किल्लीवालीनं विचारलं.

"नवीन लिहायचीय. चार दिवस दुपारी वरून हसण्याचा आवाज येतोय. एक बाई धड हसते, एक तिरकी हसते. आणि खुर्ची सरकवता ती वेगळीच."

किल्लीवालीनं कागद सारखे करून पिशवीत भरले आणि पिशवी काकूंच्या हातात दिली.

"तारीख नीट घाला," ती म्हणाली. "आणि हा बाइंडरही होता म्हणून लिहा. काय करत होता तेही लिहा."

"मला शिकवू नकोस," काकू म्हणाल्या, आणि दारातूनच मान आत घालून नीट बघून घेतलं, कोण कोण बसलंय ते.